आयटीआयच्या बॅचमधली दोस्ती मोजताना

फिटर किंवा वीजतंत्रीच्या एका युनिटमध्ये २० मुलं असतात. तीच २० मुलं दोन वर्षं एकाच शॉपमध्ये (कार्यशाळेत), शेजारशेजारच्या बेंचवर, ८० टक्के हजेरीच्या अटीखाली वावरतात. अकरावी-बारावीच्या वर्गात शंभर जण बसतात आणि एकमेकांवाचून कोणाचं अडत नाही. इथे मापं घ्यायची सरफेस प्लेट एक, व्हर्नियर हाइट गेज एक, आणि तेच सगळ्यांच्या हातातून फिरतं. त्यामुळे शिल्पनिदेशकाला, म्हणजे शॉपमध्ये शिकवणाऱ्या सरांना, वाटत राहतं की कोणाचं कोणाशी जमतं, कोण मजेत आहे, कोण मनातून उठलाय, हे आपल्याला न विचारताच कळतं. मुंबईतल्या आयटीआयमध्ये हे कागदावर उतरवून पाहण्याचं काम आम्ही करत आलो आहोत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. शॉपमध्ये दिसणारी बरीचशी दोस्ती बेंचच्या मांडणीने घडवलेली असते, आणि मांडणी बदलली की तीही सरकते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा कोणाला कुठला व्हाइस (बेंचवरचा, तुकडा घट्ट पकडणारा शिकंजा) दिला, याचा परिणाम फार मोठा असतो.

कागद तीन लागतात, आणि तिन्ही जुने, पारखलेले आहेत. पहिला एड डीनर आणि सहकाऱ्यांचा, १९८५ सालचा: आयुष्याबद्दलच्या समाधानाची पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५. दुसरा कून आणि मॅकपार्टलंड यांचा, १९५४ सालचा: ‘मी कोण?’ या एकाच प्रश्नाला २० ओळींत २० उत्तरं, वेळ १२ मिनिटं. तिसरा जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडलेला नावांचा कागद, ज्यावरून गटात कोण कोणाला निवडतं याचा नकाशा निघतो. मोरेनो हे काम न्यू यॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या प्रशिक्षण शाळेत करत होते. तिथून मुली पळून जायच्या, आणि कोणाला कोणाबरोबर राहायचं आहे हे विचारून त्यांनी राहण्याची व्यवस्था नव्याने लावली. म्हणजे ही पद्धत मुळात आपल्यासारख्याच एका संस्थेत तयार झालेली आहे.

वेळ निवडणं हे अर्धं काम. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण केंद्रीय प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या आणि संस्थास्तरावरचे प्रवेश पुढे रेंगाळतात. त्या वेळी नकाशा काढला तर अर्धी मुलं एकमेकांची नावंही नीट लिहू शकत नाहीत. दिवाळीपर्यंत जे गळायचे ते गळतात: कोणाला डिप्लोमाला जागा मिळते, कोणी पार्सल पोहोचवण्याच्या कामाला लागतो. म्हणून पहिली फेरी नोव्हेंबरच्या अखेरीस, दुसरी फेब्रुवारीत, तिसरी दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. वार मंगळवार ते गुरुवार. सोमवारी हजेरी पातळ असते, कारण रविवारी केटरिंग किंवा हॉलच्या कामाला गेलेली मुलं उठलेली नसतात. शुक्रवारी दुपारी काही मुलं नमाजाला जातात. फॉर्मेटिव्ह असेसमेंटचे (सत्र चालू असताना होणाऱ्या मूल्यमापनाचे) गुण लागले त्या दिवशी तर मुळीच नको, कारण मग समाधानाचा आकडा गुणांचाच आकडा होतो.

परवानगीचं पत्र एका पानाचं, मराठी आणि हिंदीत, आणि कुर्ला-गोवंडीकडची मुलं असतील तर उर्दूतही. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकाची सही हवी. सहीला आठवडा द्यावा. वडील रात्रपाळीला आणि आई घरकामाला असेल तर दोघं एका वेळी घरात सापडत नाहीत. मुलाने नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. त्याने त्या वेळात ड्रॉइंग पूर्ण करावं, आणि बाकीच्यांना तो वेगळा दिसू नये म्हणून त्याच्याही पुढ्यात कागद ठेवावा.

कागदावर नाव नको आणि रोल नंबरही नको. रोल नंबरवरून मूल ओळखू येतं. ०१ ते २० अशा चिठ्ठ्या करून वाटाव्यात आणि नंबर कोणाचा याची वही एकाच माणसाकडे, कुलपात. हा माणूस त्या बॅचचा शिल्पनिदेशक नसावा. तोच प्रॅक्टिकलचे गुण देतो, आणि जॉबवर (मुलाने घडवलेल्या तुकड्यावर) गुण देणाऱ्या माणसासमोर ‘मी समाधानी नाही’ असं सोळा वर्षांचं पोर लिहीत नाही. सोपा उपाय अदलाबदलीचा: फिटरच्या सरांनी वीजतंत्रीची बॅच घ्यावी आणि वीजतंत्रीच्या मॅडमनी फिटरची. गटनिदेशकाला आधी सांगून ठेवलं तर टाइमटेबल हलवावं लागत नाही.

जागा ड्रॉइंग हॉल. टेबलं मोठी, मध्ये अंतर, आणि शॉपमधला फाइलचा करकराट नाही. कागदांचा क्रम मात्र सांभाळावा. समाधानाचा कागद सगळ्यात आधी, मग ‘मी कोण’, आणि नावांचा शेवटी. उलटं केलं तर गडबड होते. ज्याला तीन दोस्तांची नावं सुचत नाहीत तो आधीच खट्टू होतो आणि मग आयुष्याला २ गुण देऊन मोकळा होतो. एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत बसतो: सूचना दहा मिनिटं, पहिल्या कागदाला पाच, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला दहा.

समाधानाच्या कागदावर अडतं ते सात पायऱ्यांपाशी. ‘काही प्रमाणात सहमत’ आणि ‘थोडा असहमत’ यांत मुलं गोंधळतात आणि सरळ ४ वर खूण करत खाली उतरतात. पाचही विधानांना ४ म्हणजे बेरीज २०, म्हणजे नेमका मधला आकडा, ज्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक विधानाखाली स्टील रूलसारखी पट्टी आखावी, सात खुणांची, डाव्या टोकाला ‘अजिबात नाही’ आणि उजव्या टोकाला ‘पूर्णपणे’. खूण नेमकी कुठल्या रेघेवर करायची हे फिटरच्या मुलाला शिकवावं लागत नाही. विधानं एकदा मोठ्याने वाचावीत, सावकाश, आणि वाचताना वर्गातून फिरू नये. पाचही ठिकाणी ७ असलेला कागद बहुधा सरांना खूश करायला भरलेला असतो. तो फेकू नये, पण सरासरी त्याच्यासह आणि त्याच्याविना, अशी दोनदा काढावी.

या सरासरीवर फार उड्या मारू नयेत, हे सांगायलाच हवं. २० मुलांमध्ये गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) समजा ६ आलं, तर सरासरीची प्रमाण चूक (ती किती इकडेतिकडे असू शकते) ६ भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.३. दोन वेगळ्या बॅचची तुलना करताना ती १.९ च्या आसपास जाते. तेव्हा एका बॅचची सरासरी २३ आणि दुसरीची २५ आली म्हणून वीजतंत्रीची मुलं फिटरपेक्षा सुखी, असं कोणी स्टाफरूममध्ये म्हणू लागलं तर त्याला गप्प करावं. चार गुणांखालच्या फरकावर इतक्या लहान गटात काहीच बोलता येत नाही. आकडा कामाला येतो तो एकाच मुलाच्या दोन फेऱ्या शेजारी ठेवल्यावर, आणि तोही नकाशाबरोबर वाचल्यावर.

‘मी कोण’चा कागद आम्हाला सगळ्यात आवडतो. त्याची एकच अट: फळ्यावर नमुना लिहायचा नाही. ‘मी मुलगा आहे’ असं उदाहरण दिलं की विसाच्या वीस कागदांची पहिली ओळ तीच येते. भाषा कुठलीही चालेल, फोनवर लिहितात तसं इंग्रजी अक्षरांतलं मराठी-हिंदीसुद्धा. हस्ताक्षराची आणि शुद्धलेखनाची लाज हे आयटीआयमधल्या कित्येक मुलांचं शाळेपासूनचं दुखणं आहे, ते इथे उकरून काढायचं नाही. २० ओळी फार थोडी मुलं भरतात. सात-आठ ओळींनंतर पेन थांबतं. हिशेबाला पहिल्या दहा ओळी धराव्यात, उरलेल्या वाचाव्यात पण मोजू नयेत.

ओळींची वर्गवारी दोघांनी वेगवेगळी करावी. आमचे चार ढीग असतात: घर-गाव-जात-धर्म-वस्ती, परीक्षा आणि टक्के, काम आणि ट्रेड (शिकत असलेला व्यवसाय), आणि स्वभाव-आवडीनिवडी. २० मुलं, दहा ओळी, म्हणजे जास्तीत जास्त २०० ओळी. त्यांतल्या १६० पेक्षा कमी ओळींवर दोघांचं एकमत झालं तर नियम नीट लिहिलेले नाहीत असं समजून पुन्हा बसावं. भांडण नेहमी जोडओळींवर होतं. ‘मी मेहनती फिटर आहे’ हा स्वभाव की काम? आमचा नियम: ओळीत ट्रेडचं नाव आलं की ती कामाच्या ढिगात. ‘मी गिरणी कामगाराचा नातू’ ही लोअर परळकडच्या कागदावर अजूनही दिसणारी ओळ घराच्या ढिगात जाते. १९८२ च्या संपानंतर जन्मलेल्या बापांची ही मुलं, पण आजोबा गिरणीच्या कुठल्या खात्यात होते हे त्यांना ठाऊक असतं.

ढिगांच्या संख्येपेक्षा ट्रेड कितव्या ओळीवर आला, हे जास्त बोलतं. पहिल्या नोव्हेंबरात वरच्या ओळींत गाव, वस्ती, आयपीएलचा संघ आणि दहावीचे टक्के असतात. टक्के आपणहून लिहिले जातात, कोणी विचारलेले नसताना. कमी मार्क पडले म्हणून इथे आलो, हा शिक्का मुलाने स्वतःवर स्वतःच मारलेला असतो, आणि नातेवाईक ‘आयटीआय? मग बारावीचं काय?’ असं विचारून तो पुसू देत नाहीत. दोन वर्षांचा ट्रेड आणि भाषा विषय यांच्यावर बारावीची समकक्षता मिळते, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समोर बसवून सांगावं. त्या माहितीने मुलाची ओळख बदलत नाही, पण घरातला टोमणा बोथट होतो.

ट्रेड वरच्या ओळींत सरकतो तो दोन वाटांनी. एक वाट शॉपमधली. सुरुवातीला फाइलने माइल्ड स्टीलचा तुकडा सपाट करताना प्रत्येकाचा जॉब मध्ये फुगतो, कारण फाइल हातात झोके घेते आणि कडा जास्त खाल्ल्या जातात. व्हाइसची उंची कोपराशी आणली, डावा हात टोकावर नुसता टेकवायला शिकवला, फाइलच्या दातांत खडू घासून कीस अडकायचा थांबवला, की जॉबवर टेकवलेल्या ट्राय स्क्वेअरखालचा (काटकोन्याखालचा) उजेड एक दिवस बंद होतो. मुलगा तो जॉब घेऊन दोन-तीन बेंच फिरून येतो. त्याला फिरू द्यावं. दुसरी वाट चाळीतली. शेजारचा पंखा बसला, सोसायटीचा पंप अडला, गणपतीच्या मांडवात माळा लावायच्या आहेत, आणि कोणीतरी खालून हाक मारतं. वीजतंत्रीच्या मुलांमध्ये ही हाक लवकर येते, फिटर-टर्नरला उशिरा, कारण घरात लेथचं काम निघत नाही. (मांडवाचं काम मुलांनी एकट्याने करू नये. परवानाधारक वायरमनच्या हाताखाली आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेल्या बोर्डावरूनच करावं, हे प्रत्येक ऑगस्टला बजावावं लागतं.) खंडेनवमीला लेथला झेंडूचं तोरण बांधताना फोटो कोण काढतं आणि तो कोणाला पाठवतं, हेही नीट पाहण्यासारखं असतं.

आता नावांचा कागद. प्रश्न तीन, आणि तिन्ही कामाचे. जोडीचा जॉब कोणाबरोबर करशील? घरी जाताना कोणाबरोबर असतोस? घरात काही बिनसलं तर बॅचमधल्या कोणाला सांगशील? प्रत्येकी तीनपर्यंत नावं, कमी चालतील. ‘तुझा बेस्ट फ्रेंड कोण’ असं विचारू नये. त्याने मुलं गोंधळतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना जाब विचारतात. आणि ‘कोण नकोसा वाटतो’ हा प्रश्न तर कधीही नको. तो विचारला की नकोसेपण बॅचमध्ये जाहीर झालंच म्हणून समजा.

एक्सेलमध्ये २० बाय २० ची चौकट करायची. ओळीत निवडणारा, स्तंभात निवडलेला, निवड असेल तिथे १. सगळ्यांनी तीन नावं दिली तर ६० निवडी, म्हणजे सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन. स्तंभाची बेरीज शून्य असलेला मुलगा कोणालाच सुचलेला नाही. दोघांनी एकमेकांना निवडलं असेल तर ती परस्पर जोडी, आणि अशा जोड्या जास्तीत जास्त ३० होऊ शकतात. तीन प्रश्नांच्या तीन चौकटी वेगळ्याच ठेवाव्यात. त्या दिवशी चार मुलं गैरहजर असतील तर नकाशा फुटका निघतो. त्यांच्या निवडी नसतात, आणि डोळ्यासमोर नसल्यामुळे त्यांना निवडणारेही घटतात. त्यांचे कागद त्याच आठवड्यात घ्यावेत.

तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की मुंबई दिसते. घरी जायचा नकाशा रेल्वेच्या लाइनींवर फाटतो. कुर्ल्याला हार्बरची मुलं वेगळी, मानखुर्द-गोवंडीकडे जाणारी, आणि मेन लाइनची वेगळी. मुलुंडला ठाण्यापलीकडचे एका गाडीने, भांडुप-विक्रोळीचे चालत किंवा बसने. या मैत्रीची सुरुवात पासाच्या कन्सेशन फॉर्मच्या रांगेत होते, आणि ती दोन वर्षं टिकते, कारण तिला कोणी बेंच बदलून हात लावू शकत नाही. जोडीच्या जॉबचा नकाशा मात्र रोल नंबरवर चालतो. शेजारचा व्हाइस ज्याचा, त्याचं नाव. आणि प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेली मुलं शेवटच्या बेंचवर एकत्र सापडतात: सेफ्टी आणि मार्किंगचे पहिले आठवडे हुकलेली, हॅक्सॉ कसा धरायचा हे विचारायला संकोचणारी. शून्य निवडीचे स्तंभ पाहिले की बरेचदा प्रवेशाची तारीख पाहावी, उत्तर तिथे असतं. स्वभावाला दोष द्यायची घाई करू नये.

तिसरा नकाशा, घरातलं बिनसलेलं सांगण्याचा, सगळ्यात विरळ असतो. तीन जागांपैकी एकच भरलेली, कधी तीही नाही. मुलग्यांमध्ये तर तिथे येणारं नाव बहुधा गाडीतल्या दोस्ताचं, बेंचवरच्याचं नव्हे. गाडीत दारात उभं राहून तोंड बाहेर करून बोलता येतं.

मुलींच्या बाबतीत नकाशा फसवतो. राज्यात आयटीआयच्या जागांमध्ये मुलींना ३० टक्के आरक्षण आहे, पण फिटर किंवा मशिनिस्टच्या युनिटमध्ये एखादीच मुलगी असणं नवं नाही. तिच्या स्तंभात शून्य येतं ते ती नकोशी आहे म्हणून नाही. मुलग्याने तिचं नाव लिहिलं आणि ते कोणी पाहिलं तर आठवडाभर चिडवाचिडवी. म्हणून एक चौथा प्रश्न घालावा: मोजमाप अडलं तर कोणाला दाखवून घेतोस? या प्रश्नाला तिचं नाव येतं, कधी बॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळा. आणि एकाच ट्रेडच्या दोन युनिटमध्ये एकेक मुलगी असेल तर दोघींना एका युनिटमध्ये आणावं. हा बदल प्राचार्यांच्या एका सहीचा असतो.

नकाशा हातात आल्यावर काय करायचं? दाखवायचा नाही, फलकावर लावायचा नाही, स्टाफरूममध्ये चघळायचा नाही. जमलेल्या जोड्या फोडायच्या नाहीत. जोडीजवळ तिसरा आणून ठेवायचा. मायक्रोमीटर जोडीला न देता तिघांत एक द्यावा, मग तिसऱ्याशी बोलल्यावाचून माप होत नाही. बेंच रोज हलवू नयेत, एक जॉब संपला की हलवावेत. टूल क्रिबची (हत्यारं देण्याघेण्याच्या खोलीची) पाळी दोघादोघांना, आठवड्याची. उशिरा आलेल्या मुलाला एकट्याला हत्यारांचा हिशेब दिला तर तो पोलीस ठरतो आणि उरलेसुरले दोस्तही जातात.

जोडीचा जॉब देताना जपावं. मेल (आत बसणारा भाग) एकाने आणि फीमेल (त्याला सामावणारा भाग) दुसऱ्याने करायची, २५ मिलिमीटर, मुभा अधिक-उणे ०.०४. मेल २५.०४ आणि फीमेल २४.९६ आली तर दोघंही आपापल्या मापात बरोबर, आणि तरी ०.०८ ने जॉब बसत नाही. मग ‘तुझ्यामुळे बिघडलं’ सुरू होतं. म्हणून आधी फीमेल पूर्ण करून घ्यावी, दोघांनी मिळून मापावी, व्हर्नियरचा शून्य दोष तपासावा, आणि मगच मेल त्या मापाला उतरवावी. शेवटचे शंभरांश निळा रंग लावून, जिथे घासतं तेवढंच खात. जुन्या दोस्तांना हा जॉब देऊन काही साधत नाही, ते एकमेकांची चूक झाकतात. एकमेकांना न निवडलेल्या, पण तिसऱ्या एकाच मुलाला दोघांनी निवडलेल्या जोडीला द्यावा.

समाधानाची बेरीज ९ किंवा खाली असेल, किंवा ‘मी कोण’मध्ये जगण्याचा कंटाळा आल्याची ओळ असेल, तर तो कागद त्याच दिवशी वहीतल्या नावाशी जुळवायचा आणि मुलाशी एकट्याने बोलायचं. ही शक्यता सुरुवातीच्या सूचनांतच सांगून ठेवलेली असावी, नाहीतर विश्वासघात वाटतो. कोण बोलणार हे आधी ठरलेलं हवं. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा चोवीस तास आणि मराठीतही मिळते. नंबर हॉलच्या दारावर लावण्यापेक्षा हातात चिठ्ठी द्यावी. भरवर्गात त्या दारासमोर उभं राहून नंबर उतरवून घेणारा मुलगा सापडायचा नाही.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बॅच पांगते. माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, माटुंग्याचं आणि लोअर परळचं रेल्वे वर्कशॉप, माहूलच्या रिफायनऱ्या, उरलेले खासगी कंपन्यांत. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे तिथे लागलेला मुलगा अचानक सगळ्यांचा सल्लागार होतो. ही चौथी फेरी घ्यायची असेल तर फोनवरचा फॉर्म पाठवून उपयोग नाही. बॅचच्या ग्रुपवर तो भरतीच्या जाहिरातींखाली गाडला जातो, आणि भरतात तेच ज्यांचं बरं चाललंय. रविवारी संध्याकाळी फोन करावा, पाच विधानं वाचून दाखवावीत, आणि नावांचा एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात बॅचमधल्या कोणाला भेटलास? उत्तरं आली की नंबरांची वही आणि जुने कागद प्राचार्यांसमोर फाडून टाकावेत. चौकटीतले १ आणि ० तेवढे ठेवावेत. पुढच्या बॅचचे बेंच लावायला ते पुरतात.